समोरच्याची वेळ संपत आली की

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

दादरच्या बुद्धिबळ स्पर्धेतला तुझा डाव स्कोअरशीटवरून मांडून बघितला. एक प्यादं जास्त, दोघींकडे एकेक हत्ती, आणि शेवटी बरोबरी. "तिची वेळ संपत आली होती, म्हणून मी भराभर खेळले," असं तू फोनवर म्हणालीस. बरोबरीपेक्षा मला हे वाक्य खटकलं.

तिच्याकडे मिनिटभर होतं, तुझ्याकडे पाव तास. तो पाव तास तू वापरलाच नाहीस! प्रत्येक खेळीला ३० सेकंद वाढून मिळतात तिथे नुसत्या घड्याळावर फारसं कुणी हरत नाही. तू विचार करतेस तेव्हा तीही करते, हे खरं. पण तू काय खेळणार हे तिला ठाऊक नसतं.

आता पट. तिचा हत्ती तुझ्या बाजूनं मोजता सहाव्या ओळीवर बसून तुझ्या राजाला पुढे येऊ देत नव्हता. तू प्यादं त्याच ओळीत ढकललंस, हत्ती लगेच खाली पहिल्या ओळीत गेला आणि मागून शह सुरू झाले. राजाला आडोसा उरला नाही. हा फिलिडोर या फ्रेंच खेळाडूचा बचाव, अठराव्या शतकापासूनचा. तो नीट खेळला तर मोडत नाही, त्यामुळे त्या खेळीचं दुःख करू नकोस. डाव त्याआधीच निसटला होता. तिचा राजा प्याद्यासमोर पोचण्याआधी तुझ्या हत्तीनं त्याला उभ्या पट्टीवर अडवायला हवं होतं. तिथे दहा मिनिटं घालवली असतीस तरी चाललं असतं.

२०२४च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव बघ. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण डाव बरोबरीचाच दिसत होता. तो धोका न पत्करता खेळत राहिला. ५५व्या खेळीला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेननं हत्ती एफ२ या घरात नेला, ती चूक ठरली. हत्ती गेले, उंटांचीही मारामारी टळेना, आणि उरलेला प्याद्यांचा डाव गुकेशनं जिंकलेला होता.

आणखी एक. डाव संपला की लोकलमध्ये बसून लगेच मोबाईलवर इंजिन (खेळी तपासणारा प्रोग्राम) लावू नकोस. आधी समोरच्या मुलीबरोबर पाच मिनिटं डाव बघ. तिला कशाची भीती वाटत होती ते इंजिन सांगणार नाही. (हॉलबाहेर डबा घेऊन उभ्या असलेल्या आईला तेवढं थांबायला सांग.)

रविवारी येशील तेव्हा ल्युसेनाची स्थिती (हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती, पण इथे प्यादंवाला जिंकतो) दोन्ही बाजूंनी खेळू. घड्याळ लावून. माझ्याकडे एक मिनिट, तुझ्याकडे पंधरा.

तुझे सर