ख्रिस्ती मराठीतील ‘साक्ष’

साक्ष कोर्टात देतात, मग प्रार्थनासभेत ‘आता ताई साक्ष देतील’ असे का म्हणतात, त्याऐवजी ‘अनुभवकथन’ म्हटले तर काय बिघडेल, आणि योग्य रूप ‘साक्ष’ की ‘साक्षी’, असे एका वाचकाने विचारले आहे.

‘साक्षिन्’ या संस्कृत शब्दाचा अर्थ पाणिनीने ‘साक्षात् पाहणारा’ असा बांधून दिला आहे. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो, बोलत नाही; ख्रिस्ती मराठीतल्या साक्षीला मात्र बोलावेच लागते. ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ हे बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये 1:8 मधील शब्द त्या वापराच्या मुळाशी आहेत. अनुभव कोणीही सांगावा आणि ऐकणाऱ्याने हवा तर घ्यावा. साक्ष देणारा मात्र आपल्या शब्दाला बांधला जातो, म्हणून ‘अनुभवकथन’ मला येथे मिळमिळीत वाटते.

तरी हा शब्द केवळ चारचौघांत बोलण्यापुरता नाही. रोमकरांस पत्र 8:16 मध्ये ‘तो आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की, आपण देवाची मुले आहोत’ असे म्हटले आहे. म्हणजे सभेत उभे राहण्याआधी विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणात एक साक्ष झालेली असावी लागते. या दोहोंतले अंतर पंडिता रमाबाईंच्या 1907 सालच्या ‘साक्षी’त स्वच्छ दिसते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला असला तरी त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त अजून मिळालेला नाही, हे आपल्याला त्यानंतर आठ वर्षांनी कळले, असे त्या लिहितात. बाप्तिस्म्याची नोंद त्यांना पुरली नाही, आणि हे न लपवता सांगितल्यामुळेच त्या लेखनाला ‘साक्ष’ हे नाव शोभते. विद्वत्तेने गाजलेल्या बाईंनी असे लिहिणे सोपे नसणार.

तिसरा अर्थ लौकिकाचा आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, अध्यक्षाला बाहेरच्या लोकांनीही चांगले म्हटलेले असावे, अशी अपेक्षा 1 तीमथ्य 3:7 मध्ये आहे, आणि ‘त्यांची साक्ष चांगली आहे’ हा मंडळीतला वाक्प्रयोग त्याच अर्थाचा आहे. उसने घेऊन न फेडणाऱ्या किंवा घरात शिवीगाळ करणाऱ्या माणसाने सभेत कितीही रसाळ साक्ष दिली, तरी या अर्थाने त्याची साक्ष चांगली म्हणत नाहीत.

आता रूपाविषयी. जे सांगितले जाते ती ‘साक्ष’, स्त्रीलिंगी. सांगणारा तो ‘साक्षी’ किंवा ‘साक्षीदार’. ‘साक्ष’चे अनेकवचन ‘साक्षी’ होते आणि दोन्ही शब्दांचे तृतीयेचे रूपही ‘साक्षीने’च, त्यामुळे गोंधळ होतो. ‘तिने साक्ष दिली’ आणि ‘दोघींच्या साक्षी झाल्या’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याला ‘रक्तसाक्षी’ म्हणतात, त्यात ‘साक्षी’ म्हणजे व्यक्ती. ग्रीक भाषेतही साक्षीदाराला असलेला ‘मार्तुस’ हाच शब्द पुढे हुतात्म्यासाठी रूढ झाला.