एफबीएस बंद करायचंय? आधी त्याची कामं वाटून द्या

तुम्ही लिहिलंय की एचईके २९३ पेशी (मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या, प्रयोगशाळेत वाढवतात त्या) १० टक्के एफबीएस, म्हणजे वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम, असलेल्या मीडियममधून (पेशी वाढवायच्या द्रवातून) थेट सीरम नसलेल्या मीडियममध्ये टाकल्या, तिसऱ्या दिवशी निम्म्या सुटून तरंगायला लागल्या, आणि गाइड म्हणतात, 'नाद सोडा.' नाद सोडू नका. पेशी उपाशी मेल्या असं मला वाटत नाही. त्यांची पकड सुटलेली दिसते.

सीरम म्हणजे नुसता खुराक नव्हे. त्यात इन्सुलिनसारखी संप्रेरकं असतात, लोह पोचवणारं ट्रान्सफेरिन, स्निग्ध पदार्थ वाहणारं अल्ब्युमिन, आणि पेशीला प्लास्टिकवर धरून ठेवणारी फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनंही. १९७६ मध्ये हायाशी आणि सातो यांनी उंदराच्या पिट्युटरीच्या जीएच३ पेशी सीरमऐवजी संप्रेरकं आणि ट्रान्सफेरिन देऊन वाढवल्या होत्या. तेव्हापासूनची वाट हीच: सीरमचं एकेक काम ओळखायचं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं.

तुमच्यासाठी पहिलं काम पकडीचं. फ्लास्कला रीकॉम्बिनंट (प्राण्यातून न काढता जनुकतंत्राने बनवलेल्या) व्हिट्रोनेक्टिनचा थर द्या. मीडियममध्ये इन्सुलिन, ट्रान्सफेरिन, सेलेनियम असू द्या. मग सीरम १० वरून ५, २.५, १.२५ असं उतरवा. प्रत्येक पायरीवर दोन-तीन पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) थांबा, नेहमीपेक्षा दाट पेरा आणि जिवंत पेशी ९० टक्क्यांच्या खाली गेल्या तर एक पायरी मागे या. प्रत्येक टप्प्यावरच्या पेशींच्या दोन व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवा. मी हे टाळलं होतं. शेवटच्या पायरीवर सगळं गेलं आणि चार महिन्यांचं काम पुन्हा १० टक्क्यांपासून सुरू करावं लागलं.

पेशी फ्लास्कवरून सोडवायला जे ट्रिप्सिन एन्झाइम वापरतो, त्याच्याकडे तर फारच कमी लोक लक्ष देतात. सीरम असताना तेच ट्रिप्सिनला थांबवतं. सीरम काढलं की ट्रिप्सिन पेशींना कुरतडत राहतं, आणि दोष मीडियमला लागतो. सोयाबीनचा ट्रिप्सिन इनहिबिटर (ट्रिप्सिन थांबवणारा पदार्थ) वापरा, किंवा रीकॉम्बिनंट एन्झाइम घेऊन नंतर पेशी धुवा. प्रतिजैविकांचा डोसही कमी करा, कारण त्यांना बांधून ठेवणारी सीरमची प्रथिनं आता नाहीत.

मेझेन्कायमल स्टेम सेल्ससाठी (अस्थिमज्जेसारख्या ऊतींतल्या मूळपेशींसाठी) एफबीएसऐवजी मुदत संपलेल्या मानवी प्लेटलेट्सचा लायसेट, म्हणजे त्या फोडून काढलेला अर्क, छान चालतो. पण त्याची गुठळी होऊ नये म्हणून बहुतेक वेळा हेपॅरिन घालतात, आणि ते सहसा डुकराच्या आतड्यातून येतं. नेहमीचं ट्रिप्सिनही डुकराचंच. त्यामुळे 'एफबीएस नाही' आणि 'प्राणिजन्य काहीच नाही' हे दोन वेगळे दावे आहेत. प्रबंधात नेमका कोणता करताय ते स्पष्ट लिहा.

गाइडना पटवताना बॅचचा मुद्दा आधी मांडा. सीरमची बाटली बदलली की निकाल हलतात, हे त्यांनीही भोगलं असेल. २०१८ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने पेशींवरच्या चाचण्यांसाठी जी मार्गदर्शिका काढली, तीही सीरम टाळण्याकडे झुकते. जुन्या आणि नव्या पेशी शेजारी-शेजारी वाढवून दुप्पट होण्याचा वेळ, ट्रान्सफेक्शन (पेशीत बाहेरचं जनुक घालणं) आणि तुमची मुख्य चाचणी यांची तुलना दाखवा. काही आकडे बदलतील. ते लपवू नका.

आणि हे सीरम कुठून येतं तेही त्यांना सांगा. कत्तलखान्यात गाभण गाय कापली की तिच्या पोटातल्या वासराच्या हृदयात सुई घालून रक्त काढतात. मला हे कळलं तोवर मी सहा वर्षं रोज ती बाटली उघडत होते. त्यानंतर मीही पहिल्यांदा एचईकेच घेतल्या. तुमच्या फ्लास्कचा तिसऱ्या दिवशीचा फोटो आणि मीडियमचं नाव टाका, पुढचं बघू.