वाचकांचे प्रश्न : धुरळा, वारा आणि उघडं रान

प्रश्न : उन्हाळी नांगरट झाली की रोटाव्हेटर मारून रान पेरणीला तयार ठेवतो. जूनमध्ये पाऊस लांबतो, पण पश्चिमेचा वारा सुटतो आणि माझ्या रानातला धुरळा शेजारच्या बागेवर जाऊन बसतो. त्यावरून दरवर्षी वाद होतो. उपाय काय? (तालुका अथणी)

वाद मिटवायचा तर आधी रोटाव्हेटर आवरा. घाटाकडचं खानापूर भिजत असतं तेव्हा अथणी-तेलसंगच्या पट्ट्यात नुसता वारा असतो, आणि नेमकं त्याच वेळी तुमचं रान पिठासारखं झालेलं असतं. गंमत अशी की अगदी बारीक माती आपणहून सहसा उडत नाही, तिचे कण एकमेकांना धरून असतात. वारा आधी उचलतो ते 0.1 ते 0.5 मिलिमीटरचे कण. ते उड्या मारत पुढे जातात, पडताना जमिनीला ठोकर देतात आणि त्या ठोकरीनं बारीक धूळ सुटते. काळ्या रानात चिकणमातीच्या फुटलेल्या गोळ्यासुद्धा अशाच उड्या मारतात. शेजाऱ्याच्या पानावर बसते ती तुमच्या जमिनीतली सर्वांत कसदार माती.

नांगरट करा, पण ढेकळं तशीच राहू द्या. रोटाव्हेटर एकदाच, पाऊस झाल्यावर, पेरणीच्या तोंडावर. तास दक्षिणोत्तर धरले तर ते वाऱ्याला आडवे येतात. मात्र रानाचा उतार दक्षिणोत्तर असेल तर हा नाद सोडा, पहिल्याच मोठ्या पावसात तासातून माती वाहून जाईल. तिथं उताराला आडवीच मशागत हवी.

दुसरी गोष्ट शाळूची. आपल्याकडे कडबा लांब मिळावा म्हणून ताटं मुळासकट उपटतात, त्यामुळे काढणीनंतर रान साफ बोडकं होतं. कापणी करून 20 ते 25 सेंटिमीटरची धसकटं ठेवली तर जमिनीलगतचा वारा मंदावतो. कडब्याची पेंढी तेवढी आखूड होते, हे खरं. जनावरं जास्त असतील तर सगळ्या रानात हे परवडणार नाही. मग दर 30-40 मीटरवर 3-4 मीटर रुंदीचा दक्षिणोत्तर पट्टा न उपटता, न नांगरता ठेवा. उड्या मारणारे कण बहुतेक गुडघ्याखालूनच जातात, ते पट्ट्यात अडकतात.

पश्चिम बांधावर शेवरीच्या दोन ओळी लावा, दुसरीतली झाडं पहिलीच्या मोकळ्या जागेसमोर येतील अशा. मधूनमधून करंज लावा, म्हणजे शेवरी संपेपर्यंत तो वर येतो. झाडाच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत चांगला आडोसा मिळतो : 4 मीटरच्या ओळीमागे 40 मीटर. ओळ भिंतीसारखी गच्च नको. निम्मा वारा आरपार जायला हवा, नाहीतर तो वरून उडी घेऊन पलीकडे भोवरे करतो. ओळीत एखादं झाड मेलं तर लगेच सांधा, कारण त्या खिंडीतून वारा जास्तच जोरात घुसतो.

आणि रान उडायला लागलंच असेल तर? पश्चिम कडेपासून सुरुवात करून दीड-दोन मीटरच्या अंतरानं नांगराचे खोल तास काढा. खालची ढेकळं वर आली की उडणं मंदावतं. भारी काळ्या रानात हे जमतं, रेताड माळावर नाही.

प्रश्न : बेदाण्याच्या रॅकवर धूळ बसून माल काळपट दिसतो, सांगली-तासगावच्या सौद्यात दर पडतो. शेड प्लास्टिकनं बंद करावी का? (तेलसंग परिसर)

कायमची बंद करू नका, हवा कोंडली की माल बुरशीला जातो. वाळवण्याआधी द्राक्षं ज्यात बुडवतात त्या डिपिंग ऑइलमुळे पहिले तीन-चार दिवस मणी चिकट असतात आणि धूळ तेव्हाच धरतात. पुढे सुरकुतीत बसलेली धूळ धुऊनही पुरती निघत नाही. पश्चिमेला आणि दोन्ही बाजूंना शेडनेट हवी. शेडभोवतीच्या मोकळ्या जमिनीवर पाचट किंवा मुरूम पसरा, खालचा रॅक जमिनीपासून दीड फूट वर ठेवा. ट्रॅक्टरची वाट शेडच्या पश्चिमेला असेल तर ती आधी हलवा, बाकी खर्च नंतर. वळवाच्या ढगाचा वारा पावसाच्या आधी येतो, म्हणून ढग दिसताच प्लास्टिकचा पडदा सोडायचा आणि पाऊस थांबला की लगेच वर करायचा.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, दम्याची. धुरळा सुटला की तोंडाला ओली ओढणी बांधते. पुरतं का? (तालुका रायबाग)

नाही, ताई. ओलं कापड जाड धूळ अडवतं. फुप्फुसात खोल जाणारे, 2.5 मायक्रॉनहून बारीक कण त्यातून जातात. मोठ्यांचा एन-95 मास्क मुलांच्या चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, तेव्हा तिला घरात ठेवणं हाच मुख्य उपाय. वारा येतो त्या बाजूची खिडकी लावा, फटीत ओलं फडकं कोंबा. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा. रोजचा इनहेलर बरं वाटतं म्हणून स्वतःहून बंद करू नका. लगेच आराम देणारा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) शाळेच्या दप्तरातही असू द्या. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसले तर वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न : हा धुरळा राजस्थानातून येतो का? (चिक्कोडी)

क्वचित लांबून येतोही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून निघालेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईपर्यंत पोचली होती. पण आपल्याकडचा बहुतेक धुरळा इथल्याच रानांचा आणि कच्च्या रस्त्यांचा. भर दुपारच्या वावटळीला तर ढगही लागत नाही, तापलेली उघडी जमीन पुरते.

प्रश्न : सौर पंपाचे पॅनेल किती वेळा धुवावेत? (सौंदत्ती)

एप्रिल ते जुलै आठवड्यातून एकदा, पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. बोअरचं पाणी खारट असेल तर पांढरे डाग राहतात. धुतल्यावर रबरी वायपरनं पाणी ओढून घ्या. खालची कड नीट बघा. दवानं ओघळलेली धूळ तिथं चिखल होऊन बसते, आणि सगळे सेल एकापुढे एक जोडलेले असल्यानं तेवढी बोटभर पट्टीसुद्धा पंपाचं पाणी कमी करते.