व्हिडिओ गेममधली चांगली कथा फक्त आरपीजीतच सापडते का?

तुमचा प्रश्न असा की, कथेसाठी खेळायचं तर आरपीजीच (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) खेळावेत का, आणि शूटर, कोडी, स्ट्रॅटेजी या प्रकारांत कथा नुसती तोंडी लावण्यापुरती असते का? माझ्या मते दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. आरपीजीत शब्द सगळ्यांत जास्त असतात हे मान्य. पण शब्दांच्या ढिगाऱ्याखाली गोष्ट गुदमरलेले आरपीजीही मी भरपूर खेळलोय.

(पुढे काही गेम्सचे शेवट फुटणार आहेत. ‘ब्रदर्स’, ‘बायोशॉक’, ‘द लास्ट ऑफ अस’, ‘सायलेंट हिल २’ किंवा ‘विचर ३’ खेळायचे बाकी असतील तर तेवढे परिच्छेद गाळा.)

कथा जोखायची माझी पद्धत साधी आहे. सगळे कटसीन (मधेमधे नुसते बघायचे, सिनेमासारखे प्रसंग) स्किप केले असं समजायचं आणि मग बघायचं, की माझ्या हातांनी जे केलं त्यातून काही पोहोचलं का. नुसते कटसीनच चांगले असतील तर तो चांगला सिनेमा झाला, आणि मधल्या मारामाऱ्या म्हणजे पुढचा प्रसंग येईपर्यंतचा टाइमपास.

‘ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३) बघा. त्यातली पात्रं जी भाषा बोलतात ती बनावट आहे, कुणालाच कळत नाही. कंट्रोलरची डावी स्टिक मोठ्या भावाला चालवते, उजवी धाकट्याला, आणि दोघांना आपापलं एकेक बटण. आई बुडून गेल्यापासून धाकटा पाण्याला घाबरतो, त्यामुळे नदी आली की तो मोठ्याच्या पाठीला धरून पार होतो. शेवटाकडे मोठा भाऊ मरतो. अर्धा कंट्रोलर एकदम निकामी होतो, डाव्या हाताला कामच उरत नाही. मग धाकट्यासमोर पुन्हा पाणी येतं. त्याचं बटण दाबलं तरी तो पाण्यात उतरत नाही. काय करावं कळेना म्हणून तुम्ही सहज मोठ्याचं बटण दाबता, आणि पोरगं पोहायला लागतं. हे यूट्यूबवर बघून काहीच वाटणार नाही. ते बोटांना कळावं लागतं.

आता ‘पेपर्स, प्लीज’ घ्या. लुकास पोप या एकाच माणसाने केलेला, हाही २०१३ चाच. हा कुठल्या प्रकारात बसवायचा देव जाणे. तुम्ही अर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर खिडकीत बसलेले कारकून. आलेल्या माणसाचा पासपोर्ट बघा, परवाना बघा, तारखा जुळवा, शिक्का मारा. जितकी माणसं तपासाल तितकी मजुरी, त्यातून भाडं, जेवण आणि घर गरम ठेवण्याचा खर्च. एके दिवशी एक माणूस येतो, त्याचे कागद चोख. जाता जाता सांगतो, मागून माझी बायको येतेय, जरा सांभाळून घ्या. बायको येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवानाच नाही. सोडलं तर नियम मोडला. आता गंमत अशी, की दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद असते, पगारातून दंड कापतात तो तिसरीपासून. त्यामुळे तिचा चेहरा बघण्याआधी मी मनात हिशेब करतो: आजची एखादी ताकीद शिल्लक आहे का? म्हणजे माझी माणुसकी दिवसाच्या कोट्यावर चालते. हे मला कुठल्याही पात्राने बोलून दाखवलेलं नाही, आणि सामान्य माणूस व्यवस्थेचा भाग कसा होतो यावरचं इतकं नेमकं लिखाण मला इतर गेम्समध्ये फारसं सापडलेलं नाही.

शूटरबद्दल तुमचा संशय अगदीच निराधार नाही. बराच काळ तिथे कथा म्हणजे डब्यावरचं लेबल होती. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’ने ते बदललं. सुरुवातीला तुम्ही एका रेल्वेच्या डब्यात उभे राहून प्रयोगशाळेत कामाला निघालेले असता, आणि पूर्ण गेम त्याच एका माणसाच्या डोळ्यांतून दिसतो; मध्ये कुठे कॅमेरा काढून घेत नाहीत. २००७ च्या ‘बायोशॉक’ने तर शूटर खेळणाऱ्यांची सवयच पकडली. रेडिओवरचा माणूस सौजन्याने सांगतो, अमुक करा, तमुक आणा, आणि आपण करत जातो, कारण शूटरमध्ये आणखी काय करतात? पुढे कळतं की त्या सौजन्याच्या शब्दांनी आपल्याला कळसूत्री बाहुलीसारखं नाचवलं जात होतं. जबरदस्त कल्पना. पण हे उघड झाल्यावरही गेम आपल्याला तसाच हुकुमावर पळवतो, आणि शेवटची लढाई तर सपशेल मामुली आहे.

याच ‘बायोशॉक’वर टीका करताना क्लिंट हॉकिंग या डिझायनरने त्याच वर्षी ‘लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स’ हा शब्दप्रयोग केला. कथा एक सांगते आणि खेळ दुसरंच करायला लावतो, असा त्याचा अर्थ. ‘अनचार्टेड’चा हसतमुख नायक शेकडो माणसं मारून विनोद करत पुढे जातो, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. बनवणाऱ्यांच्या कानावर ते गेलं असावं, कारण ‘अनचार्टेड ४’मध्ये हजार शत्रू मारले की याच नावाची ट्रॉफी मिळते! त्याच स्टुडिओचा ‘द लास्ट ऑफ अस’ (२०१३) मात्र शेवटच्या हॉस्पिटलात ही कसर भरून काढतो. नायक जोएल तिथे जे करतो ते तुम्हाला पटो न पटो, बंदूक तुमच्याच हातात असते आणि ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हॉरर हा प्रकार कथेच्या चर्चेत उगाच मागे पडतो. ‘सायलेंट हिल २’ (२००१) मध्ये मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स त्या गावात येतो. वाटेत अँजेला नावाची मुलगी तिच्याजवळचा सुरा त्याच्या हवाली करते. तो हत्यार म्हणून वापरता येत नाही, फक्त सामानातून काढून न्याहाळता येतो. आता तुम्ही तो सुरा पुन्हा पुन्हा बघत राहिलात, जखमी असूनही औषध न घेता हिंडत राहिलात, तर गेम गुपचूप त्याची नोंद ठेवतो आणि जेम्सला जगायचंच नाही असा निष्कर्ष काढतो. शेवट त्याप्रमाणे येतो. ‘हो’ की ‘नाही’ असा पर्याय पडद्यावर कधीच आलेला नसतो. ‘हे पात्र तुमचं बोलणं लक्षात ठेवेल’ अशी पाटी झळकवणाऱ्या गेम्सपेक्षा मला हे कितीतरी वरचं वाटतं.

आणि आरपीजी? सर्वोत्तम लिखाण तिथे आहेच. ‘डिस्को इलिझियम’ (२०१९) मध्ये दारू पिऊन स्मृती गमावलेल्या पोलिसाची २४ कौशल्यं त्याच्या डोक्यात आपसात भांडतात. तर्क एक म्हणतो, अंतःप्रेरणा दुसरंच, आणि दोघंही थापा मारू शकतात. पंख्याला लटकलेला टाय काढायला जाऊन गडी पहिल्याच खोलीत हार्ट अटॅकने मरू शकतो, तब्येतीचे आकडे तुम्ही तितके वाईट निवडले असतील तर. ‘विचर ३’ (२०१५) मधली बॅरन या सरदाराची गोष्टही तशीच. दलदलीतल्या झाडाखाली कोंडलेल्या शक्तीला मारायचं की सोडायचं हे ठरवताना बॅरन आपल्या डोक्यातही नसतो, आणि त्याचं मरण-जगणं त्यावरच ठरतं. पण याच गेममध्ये मुलीसारखी जपलेली सिरी संकटात आहे म्हणून जीव तोडून निघालेला नायक गेराल्ट वाटेतल्या प्रत्येक खानावळीत पत्ते कुटत बसतो. मोकळं जग दिलं की कथेची घाई खोटी पडते. याचं पक्कं उत्तर मी अजून कुठल्याही ओपन वर्ल्ड आरपीजीत पाहिलेलं नाही.

स्ट्रॅटेजी आणि सिम्युलेशनमध्ये गोष्ट लिहिलेली नसते, घडते. ‘रिमवर्ल्ड’मध्ये तर घटना कशा पेरायच्या हे ठरवणारा ‘स्टोरीटेलर’ आधी निवडावा लागतो. कॅसांड्रा ताण हळूहळू वाढवते, रँडी वाटेल तेव्हा वाटेल ते अंगावर टाकतो. वसाहतीतला एकमेव डॉक्टर जखमी होऊन पडतो आणि त्याच्यावर इलाज करायला उरतो तो स्वयंपाकी. अशा गोष्टी मित्रांना सांगायला झकास असतात, पण त्यांच्यामागे लेखकाचं काही म्हणणं नसतं, हे मला जाणवतं. रोगलाइक म्हणजे मेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारे गेम; त्यात सारखं मरावं लागतं. ‘हेडीस’ने (२०२०) ते मरणंच गोष्टीत घेतलं. मेलात की घरी परत, आणि घरच्यांकडे बोलायला काहीतरी नवीन असतं. २०२१ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. खेळांच्या गेम्सबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘फिफा १७’ने ॲलेक्स हंटर नावाच्या पोराची कथा आणली, ती तीन भागांत आटोपली. मॅच शेवटच्या मिनिटाला जिंकली तर ती त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट असते.

नवखे असाल तर ‘पोर्टल’पासून (२००७) सुरुवात करा. कोड्यांचा गेम आहे, एक-दोन बैठकांत संपतो, आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्राचा आवाज हळूहळू कसा बदलतो तेवढं ऐका. ते आवडलं तर ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (२०१८): जहाजावरच्या ६० माणसांपैकी कोण कोण आणि कुणाचं काय झालं हे बूट, बोलण्याची ढब, झोपायच्या झोळीचा नंबर अशा खुणांवरून शोधायचं. वही-पेन जवळ ठेवा. वाचनाची सवय असेल तर थेट ‘डिस्को इलिझियम’ घ्या, फक्त ‘द फायनल कट’ ही २०२१ ची आवृत्ती बघून घ्या; तिच्यात जवळपास सगळे संवाद आवाजात आहेत. आणि टायच्या नादी लागण्याआधी तब्येतीचा आकडा बघा.