मावशीआजीच्या अंगात आलं ते

प्रिय सोनू,

काल रात्री तुझा मेसेज वाचला: "आई, मावशीआजीच्या अंगात आलं, हा आजार आहे का? कुणी डॉक्टरला का नाही बोलावलं?" मेलबर्नहून सुट्टीला बडोद्यात जाऊन तू नेमकी नवरात्रातल्या अष्टमीची, महालक्ष्मीची रात्र गाठलीस!

देवीचा उकडीचा मुखवटा, उदाचा धूर आणि तासभर घागर फुंकणं, म्हणजे घागरीच्या तोंडात फुंकत नाचणं. इतका जोरजोरात श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, डोकं हलकं होतं, हाताला मुंग्या येतात. पण तेवढ्यानं सगळं उलगडत नाही, कारण फुंकतात दहाजणी आणि अंगात येतं एकीच्या. ती एक कोण, तेही बघ. मावशीआजी एरवी पंखासुद्धा विचारून लावते. त्या रात्री मात्र आजोबा तिच्यापुढे हात जोडून उभे असतात आणि ती त्यांना चार शब्द सुनावते. (मला तर ते बघायला फार आवडायचं.) ओटी भरली, देवी गेली, की ती चहा मागते. वेळेवर येतं, वेळेवर जातं. डॉक्टरांच्या आयसीडी-11 या आजारांच्या जागतिक यादीतसुद्धा त्या त्या समाजाच्या रीतीत बसणारं अंगात येणं आजारात धरत नाहीत.

माझ्या चुलतकाकाचं तसं नव्हतं. त्याला दिवसरात्र आवाज ऐकू यायचे, जेवण सुटलं होतं. आम्ही शिकलेली माणसं त्याला भुव्याकडे घेऊन गेलो. भुवा म्हणजे आपला देवऋषी. गंडेदोरे, लिंबं, धुणवणं (अंगात आणून घुमवणं), यात दीड वर्ष घालवलं. गोळ्या सुरू झाल्यावर तो दोन महिन्यांत पुन्हा पेपर वाचायला लागला. त्या दीड वर्षाचा राग मला अजून येतो, भुव्यापेक्षा आमचा जास्त.

तरी भुव्याकडे माणसं का जातात, ते समजून घे. तो "तुला वेड लागलंय" म्हणत नाही, "तुला कुणीतरी धरलंय" म्हणतो. दोष माणसाच्या अंगाला चिकटत नाही. म्हणून मेहसाण्याजवळ उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात केलं ते मला पटतं: मुजावर दुआही देतात आणि तिथल्याच डॉक्टरांकडेही पाठवतात. साखळदंड मात्र कुठेच नकोत. 2001 साली तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांच्या आश्रमात आग लागली तेव्हा बांधून ठेवलेले 28 जण पळू शकले नाहीत, जळून मेले.

मावशीआजीला काय आठवतं ते विचारू नकोस, काही नाही म्हणेल. नाचून तिचे गुडघे धरले असतील, तेल चोळून दे.

तुझी,
आई