तीन आठवडे झाले, उपचार कधी सुरू होणार?

‘‘मॅडम, तीन आठवडे तुम्ही नुसते प्रश्नच विचारताय. काय झालंय ते एकदा सांगून टाका,’’ असे परळला राहणारे एक गृहस्थ पत्नीसमोरच मला म्हणाले. हा प्रश्न अनेक कुटुंबे विचारतात आणि तो रास्तच आहे, कारण घरातले माणूस डोळ्यांदेखत खचत असताना धीर धरणे कोणालाच सोपे नसते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

चाळिशीला टेकलेल्या त्या बाई सरकारी कार्यालयात नोकरीला होत्या. डबे आणि सासूबाईंची औषधे उरकून लोकल गाठायची, असा त्यांचा दिवस सुरू होई. काही महिन्यांपासून त्यांना उगाच रडू येत होते, कामात चुका होत होत्या. गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली, तेव्हा गुण नैराश्य सुचवणारे आले. परंतु लक्षणे किती तीव्र आहेत एवढेच ती सांगते. ती कशामुळे आहेत, हे शोधावे लागते.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो आणि त्यापुढे त्यांनी ‘काही दिवस’ अशी खूण केली होती. तिथे मी वेळ घेतला नाही. ‘‘जीव द्यावा असं मनात येतं का?’’ असे मी सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. ‘‘झोपावं आणि उठूच नये, असं वाटतं,’’ त्या म्हणाल्या. काही ठरवले आहे का, पूर्वी प्रयत्न झाला आहे का, या प्रश्नांना उत्तर ‘नाही’ असे आले. त्यांच्या संमतीने पतीला आत बोलावले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये घातला आणि पुढची भेट दोनच दिवसांनी ठेवली. त्यांनी काही ठरवलेले असते, तर मी संमतीसाठीही थांबले नसते आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती सांगण्याची मुभा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा देतो.

बाकीचे मात्र सावकाशच पाहायचे होते. तिसऱ्या आठवड्यात, मे महिन्याच्या उकाड्यात, त्यांनी अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून पंखा कमी करायला सांगितला. आवाज घोगरा झाला होता. विचारल्यावर केस गळतात, पाळी अनियमित आहे, हेही कळले. मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवले. रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी पडू लागली की वाढणारे संप्रेरक, बरेच वाढलेले निघाले. थायरॉईडच्या कमतरतेत थकवा, उदासी, विसरभोळेपणा अगदी नैराश्यासारखे दिसू शकतात. पहिल्या दिवशीच शिक्का मारला असता, तर ही तपासणी लांबणीवर पडली असती, असे मला ठामपणे वाटते.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितले. घरातल्या ओझ्याचे दुःख गोळीने जात नाही, म्हणून आमच्या भेटी चालूच आहेत. सासूबाईंची औषधे आता कोणी सांभाळायची, यावर बोलायला ते गृहस्थही येऊ लागले आहेत.