रॅकमधील बॅटऱ्यांचे पहिले चार्जिंग

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कार्यालयात वीज गेल्यावर सर्व्हर, पाच संगणक आणि कॅमेरे चालू राहावेत, म्हणून 5 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि प्रत्येकी 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची तीन लिथियम बॅटरी मॉड्यूल घेतली आहेत. ती 19 इंची रॅकमध्ये बसवायची आहेत. वायरमनचे म्हणणे असे, की तिन्ही एकत्र जोडून चोवीस तास चार्जिंगला लावावीत आणि मगच लोड टाकावा. पुस्तिकेत मात्र प्रत्येक मॉड्यूल आधी स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करण्यास सांगितले आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : पुस्तिकेचे. तरीही आपल्या वायरमनचा सल्ला निराधार नाही. तो दुसऱ्या जातीच्या बॅटरीसाठीचा आहे. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या पूर्वी कोरड्या येत, दुकानात ॲसिड भरले जाई आणि प्लेटी नीट तयार व्हाव्यात म्हणून कमी करंटने दीर्घकाळ पहिले चार्जिंग करावे लागे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या मॉड्यूलमध्ये तसे काहीच तयार व्हायचे नसते. येथे पहिल्या चार्जिंगचा हेतू एवढाच, की तिन्ही मॉड्यूल एका पातळीवर यावीत आणि त्यांच्यातील बीएमएसला, म्हणजे प्रत्येक सेलवर देखरेख ठेवणाऱ्या सर्किटला, ‘पूर्ण भरले’ म्हणजे काय हे एकदा कळावे.

कारखान्यातून मॉड्यूल अर्धवट चार्ज करून पाठवतात आणि तिन्ही एकाच दिवशी तयार झालेली असतीलच असे नाही. मल्टिमीटर लावून व्होल्टेज सारखे आहे असे पाहणे पुरेसे नाही, कारण या रसायनाचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असते : 30 टक्के भरलेल्या आणि 80 टक्के भरलेल्या मॉड्यूलमध्ये, दोन्ही विश्रांत असताना, जेमतेम एक व्होल्टाच्या आसपास फरक दिसतो. मात्र तेवढाही फरक जोडताक्षणी महागात पडतो. दोन मॉड्यूल आणि त्यांना जोडणाऱ्या केबल मिळून वाटेतील रोध 20 मिलिओहम धरला, तर एका व्होल्टाच्या फरकाने 50 अँपिअर करंट एकातून दुसऱ्यात धावेल आणि बीएमएस मॉड्यूल बंद करू शकेल. लोकांना मग ‘नवीच बॅटरी खराब निघाली’ असे वाटते.

आता रॅकचे. असे मॉड्यूल साधारण 45 किलोच्या घरात भरते, म्हणून ते दोघांनी उचलावे आणि तिन्ही रॅकच्या खालच्या भागात बसवावीत. मॉड्यूलच्या पुढच्या कानांचे (रॅकला टेकणाऱ्या पट्ट्यांचे) स्क्रू वजन पेलण्यासाठी नसतात; खाली रेल किंवा शेल्फ हवेच. मॉड्यूलच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात आणि एप्रिल-मेचे पश्चिमेचे ऊन पडणारी भिंत टाळावी. रॅकला अर्थिंग करावे. जोडणी करताना सर्व ब्रेकर बंद, हातातील अंगठी व घड्याळ काढलेले आणि पान्यावर इन्सुलेशन टेप हवी; सुमारे 50 व्होल्टाचा धक्का फारसा बसत नाही, पण निसटलेला पाना दोन टर्मिनलांवर पडला तर तो वितळण्याइतका करंट वाहतो. पूर्ण लोडवर इन्व्हर्टर सुमारे 90 अँपिअर ओढील, म्हणून मुख्य केबल 35 चौरस मिलिमीटर तांब्याची आणि लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) क्रिम्पिंग मशीनने दाबलेले असावेत. मुख्य पॉझिटिव्ह केबल सर्वांत वरच्या मॉड्यूलवरून आणि निगेटिव्ह सर्वांत खालच्यावरून घ्यावी. दोन्ही एकाच मॉड्यूलवरून घेतल्या, तर जवळचे मॉड्यूल जास्त राबते आणि दूरचे आळशी राहते.

चार्जिंगपूर्वी इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार ‘ट्यूब्युलर’ (शिसे-आम्लाची एक बॅटरी) राहिलेला नाही ना, हे अवश्य पाहावे आणि इक्वलायझेशन, म्हणजे शिसे-आम्लाच्या बॅटरीला मधूनमधून जास्त व्होल्टेज देण्याची सोय, बंद करावी. चार्जिंगचे व्होल्टेज पुस्तिकेत दिलेलेच ठेवावे. अशा 16 सेलच्या मॉड्यूलसाठी ते बहुधा 56 ते 57.6 असते. मग एकच मॉड्यूल जोडून 20 अँपिअरने चार्ज करावे. ते 40 टक्क्यांवर असेल, तर उरलेल्या 60 अँपिअर-तासांना तीन तास लागतील, आणि शेवटी सेल एकसारखे होण्यासाठी तासभर धरावा. म्हणजे तिन्ही मॉड्यूलना मिळून दोन कामाचे दिवस पुरतील.

शेवटच्या टप्प्यात घाई करू नये. एखादा सेल इतरांच्या आधी भरला, तर बीएमएस चार्जिंग तोडतो आणि पडद्यावर 96-97 टक्केच दिसतात. सेल समतोल करणारा करंट फार लहान असल्यामुळे हा फरक भरून निघण्यास वेळ लागतो. करंट 5 अँपिअरपर्यंत कमी करून पुन्हा चार्जिंग सुरू करावे. तिन्ही भरल्यावर तासभर विश्रांती देऊन व्होल्टेज मोजावे, आणि पुस्तिकेत वेगळी मर्यादा नसेल, तर फरक 0.1 व्होल्टाच्या आत आल्यावरच ती एकमेकांना समांतर (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) जोडावीत. त्यानंतर प्रत्येकाचा पत्ता (ओळख क्रमांक) डिप स्विचने, म्हणजे मॉड्यूलवरील छोट्या खटक्यांनी, वेगवेगळा ठेवून मॉड्यूलमधील संपर्काची केबल लावावी.

प्रश्न : वर्षभराने चौथे मॉड्यूल वाढवता येईल का?

उत्तर : येईल, पण ते त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे असावे, मिळत असल्यास आताच घेतलेले बरे. उशिराच घेतले, तर आधीची तीन आणि नवे एक, अशी चारही पूर्ण चार्ज करून मगच जोडावीत. चौथ्यासाठी लागणारी जागा मात्र रॅकमध्ये आजच, सर्वांत खाली मोकळी ठेवा, म्हणजे तेव्हा 45 किलोचा डबा कोणाला खांद्याच्या उंचीवर उचलावा लागणार नाही.